सामालवाल्याचे पोट

२१ एप्रिल २०१६ रोजी बिश्केकमधल्या एका दवाखान्याच्या खिडकीत मी चार हजार आठशे चाळीस सोम भरले. पावती माझ्या नावाने निघाली, कारण पैसे मी दिले होते. आतडे मात्र माझ्या मेहुण्याचे तपासायचे होते. ज्याचे आतडे त्याचे नाव पावतीवर यायला नको का, असे मी खिडकीतल्या मुलीला विचारले. ती म्हणाली, "काका, मागे रांग आहे."

मेहुण्याचे नाव ओमुर्झाक. माझ्या बायकोचा, अनारकानचा, धाकटा भाऊ. तो सुसामिरच्या पठारावर घोड्या पाळतो आणि उन्हाळ्यात लोकांची पोटे बरी करतो. खरे तर पोटे बरी करते ते घोडीचे दूध. पण लोक नाव ओमुर्झाकचेच घेतात. नुकतेच काढलेले, अजून न आंबवलेले कोमट दूध म्हणजे सामाल. मे संपता संपता शहरातून माणसे येतात, त्याच्या तंबूंत आठ-दहा दिवस राहतात, दर दोन तासांनी घोड्या पिळल्या की रांगेने वाडगे घेऊन उभी राहतात. पहिले तीन दिवस सगळ्यांचे पोट बिघडते. तंबूंच्या मागे, ओढ्यापलीकडे लाकडी आडोसे आहेत, तिकडे दिवसभर धावाधाव चालते. त्याला कोणी बिघडणे म्हणत नाही. सफाई म्हणतात. जुने जे काही साठलेले असते ते बाहेर पडते, अशी समजूत आहे. माझीही तीच होती. मी स्वतः सात उन्हाळे तिथे सफाई करून घेतली आहे.

ओमुर्झाक मुळात ट्रॅक्टर चालवणारा. सामूहिक शेती मोडली तेव्हा वाटणीत कुणाला मेंढ्या मिळाल्या, कुणाला गोठ्याचे पत्रे. याच्या वाट्याला एक म्हातारी घोडी आली. गावाने खूप हसून घेतले. त्या घोडीच्या दुधावर त्याने एका आजारी शिक्षिकेला उभे केले असे म्हणतात, आणि तिने शहरात जाऊन शंभर जणांना सांगितले. आता त्याच्याकडे बावीस घोड्या आहेत. दूध बायका काढतात. मुख्य हात त्याच्या बायकोचा, गुलसायराचा. तो स्वतः शिंगरे धरतो, पाहुण्यांशी गप्पा मारतो, आणि निरोपाच्या दिवशी बोकड कापून वाटे लावतो. कोणाला मांडी, कोणाला खांदा, कोणाला कोणते हाड, हे वयाच्या मानाने ठरते आणि त्यात चूक झाली तर माणसे वर्षभर बोलत नाहीत. ओमुर्झाकची चूक कधी झाली नाही. स्वतःचा वाटा मात्र तो नेहमी कोणाला तरी देऊन टाकायचा. "माझं पोट भरलंय, तुम्ही घ्या." सुसामिरमध्ये त्याच्या दिलदारपणाचे नाव होते. त्याला मांस पचत नव्हते हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

त्या एप्रिलमध्ये तो घोडा विकायला आमच्याकडे, बिश्केकच्या बाजारात आला आणि बाजारातच चक्कर येऊन पडला. अनारकानने त्याचा कोट काढला तर आत माणूस निम्माच होता. रक्त तपासले, ते फारच कमी निघाले. मग नळी घालून आतडे पाहायचे ठरले आणि मी खिडकीपाशी उभा राहिलो.

डॉक्टर बेगायम पस्तिशीची असेल. आमच्याकडे अशा वेळी नातेवाइकाला बाहेर बोलावून हळूच सांगायची रीत आहे. तिने दोघांनाही समोर बसवले.

"दादा, किती वर्षं रक्त जातंय?"

"रक्त नाही," ओमुर्झाक म्हणाला. "सफाई."

"कसली सफाई?"

"सामालची. दर उन्हाळ्यात होते."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात उरलेली निघते."

डॉक्टरने हातातले पेन खाली ठेवले. "असं किती वर्षं?"

"दहा. अकरा. बाराही असतील. पहिल्यांदा झालं तेव्हा तांबडी शिंगी होती आपल्याकडे. दाजी, तांबडी शिंगी कधी मेली?"

मला ते आठवत नव्हते. डॉक्टरने माझ्याकडे असे पाहिले की जणू ती घोडी मीच मारली.

मग तिने समजावून सांगितले. आतड्याच्या भिंतीत पांढऱ्या पेशी असतात, त्या शरीराच्या राखणदार. बाहेरचे काही आत घुसले की त्याला मारायचे हे त्यांचे काम. आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, ते मात्र कायमचे भाडेकरू. त्यांच्याशी या राखणदारांनी जुळवून घेतलेले असते. ओमुर्झाकच्या पोटात हे जुळवून घेणे मोडले आहे. राखणदार उगाच खवळतात, आणखी राखणदारांना हाका मारतात, आणि सगळे मिळून आपल्याच भिंतीला जाळतात.

"का?" मी विचारले.

"नक्की कारण कुणालाच माहीत नाही."

मला हे आवडले नाही. पैसे भरल्यावर कारण मिळावे अशी माझी अपेक्षा असते.

"भिंत जळते, शरीर ती दुरुस्त करतं, ती पुन्हा जळते," डॉक्टर सांगत होती. "वर्षानुवर्षं घाईघाईत दुरुस्ती चालली की नव्या पेशी बनवताना चुका व्हायला लागतात. मला दोन ठिकाणं बरी वाटली नाहीत. तुकडे तपासायला दिलेत."

"सामालनं झालं का हे?" ओमुर्झाकने विचारले. त्याचा आवाज एवढा बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"नाही. सामालनं झालं नाही. सामालनं लपलं."

तुकड्यांचा निकाल आठवड्याने आला. दोन्ही ठिकाणच्या पेशी बिघडलेल्या होत्या. काढलेल्या तुकड्यांत कर्करोग नव्हता, पण पेशी त्याच्या उंबरठ्यावर होत्या. डॉक्टर म्हणाली, मोठे आतडे काढून टाकायचे. सगळे.

"दोन ठिकाणी बिघडलंय तर दोन ठिकाणचं काढा," मी म्हणालो.

"काका, आम्ही मीटरभर भिंतीतून चिमटीएवढे तुकडे घेतले. जिथून घेतला नाही तिथे काय आहे ते मला माहीत नाही."

ही गोष्ट मला लगेच पटली. गोदामातली दोन पोती उघडून सगळ्या धान्याला सही देणारे लोक मी पाहिले आहेत.

"ऑगस्टनंतर बघू," ओमुर्झाक म्हणाला.

"ऑगस्टनंतर नाही, दादा. मे महिन्यात."

"मे संपताना माझ्याकडे माणसं यायला लागतात. पोट बरं करायला." मग तो माझ्याकडे वळला. "दाजी, तूच सांग हिला. सामालवाल्याचं आतडं सडलं म्हणून कापून फेकलं, हे कळल्यावर तू माझ्याकडे येशील?"

डॉक्टरने राखणदार शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या, निदान तेवढ्या तरी चुकवू नका म्हणाली, आणि जूनच्या मध्याची एक तारीख शस्त्रक्रियेसाठी धरून ठेवली. ओमुर्झाक हो म्हणाला. तो हो कसा म्हणतो ते मला ठाऊक आहे. घोडा विकायचा नसला की तो असाच हो म्हणतो.

घरी आल्यावर मला सगळे अनारकानला समजावून सांगावे लागले आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

"म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती कमी झालीय," ती म्हणाली.

"कमी नाही. जास्त."

"जास्त असेल तर माणूस आजारी कसा पडेल?"

"जास्त आहे आणि चुकीच्या जागी आहे."

"तुला नीट ऐकू आलं नसेल. राखणदार उपाशी आहेत म्हणून चावतात. खायला घाला त्यांना."

दुसऱ्या दिवसापासून घरात प्रतिकारशक्ती येऊ लागली. शेजारणीने बिज्जूची, त्या बिळात राहणाऱ्या प्राण्याची, चरबी आणली. चुलत भावाने टीव्हीवर दाखवतात ते थेंब पाठवले. कोणी मुळ्या दिल्या, कोणी अक्रोडाच्या पडद्यांचा अर्क. आमच्याकडे कोणत्याही आजारात पहिले काम प्रतिकारशक्ती वाढवण्याचे. माझे कंबरडे धरले होते तेव्हाही अनारकानने माझी प्रतिकारशक्तीच वाढवली होती. सगळ्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून मी डॉक्टरला फोन लावला.

"यातलं काहीही देऊ नका," ती म्हणाली. "आम्ही त्या पेशींना शांत करतोय आणि तुम्ही त्यांना डिवचताय."

"पण डॉक्टर, कर्करोगाशी लढायला तर राखणदार लागतात ना?"

"लागतात."

"मग शांत करायचे की उठवायचे?"

"आत्ता शांत करायचे. उद्या कर्करोग झालाच तर काही रुग्णांत त्यांना उठवणारी औषधंही देतात."

"त्याच पेशींना?"

"काही त्याच, काही वेगळ्या. सगळ्या पांढऱ्या पेशी एकसारख्या नसतात, काका. काही मारतात. काही मारणाऱ्यांना आवरतात. काही जखमा भरतात. आणि गाठ झाली की ती या जखमा भरणाऱ्यांना फशी पाडते. त्यांना ती जखमच वाटते. मग त्या तिला रक्त पुरवतात, वाढू देतात, मारायला आलेल्यांनाही बसवून ठेवतात."

"कर्करोगाची सेवा करतात?"

"तसं म्हणा हवं तर."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या बाटल्यांकडे पाहत बसलो. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. उभे आयुष्य पिठाच्या गिरणीच्या हिशेबात गेले. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या दोन बाजू दोन वेगळ्या खात्यांना लागतात. इथे एकच खाते होते. तेच घर जाळते, तेच घर राखते, आणि चोर शिरला की त्याला चहाही तेच देते. याला जमेला धरायचे की खर्चाला, मला कळेना. अनारकानने विचारले, "काय म्हणाली?" मी म्हणालो, "बिज्जूची चरबी परत दे." ती म्हणाली, "एवढंच?" त्यापलीकडे मला खात्रीने सांगता येण्यासारखे काहीच नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गुलसायराचा फोन आला. पठारावर फोन लागायला तिला टेकडी चढून जावे लागते, त्यामुळे ती धापा टाकत होती. "दाजी, हे गोळ्या घेत नाहीत. पिठाच्या डब्यात पुरून ठेवल्यात. मला सापडल्या तर म्हणतात, घोडीच्या आहेत. आणि शहरात जायची तारीख विचारली की शिंगरं मोजायला निघून जातात."

रजा शिल्लक होती. मी निघालो. वाटेतल्या डोंगरी बोगद्यापलीकडे अजून कडेला बर्फ होता आणि खाली सगळे पठार हिरवे. ओमुर्झाकच्या तंबूंपाशी उतरलो तेव्हा जेवणे चालली होती. पाहुण्यांच्या मधोमध शारशेन आजोबा बसले होते: साखर कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, मोठ्या आवाजाचे, दर वर्षी येणारे. दूध कोणत्या घोडीचे आहे हे चवीवरून ओळखतो असा त्यांचा दावा होता. ते चुकायचे, पण सांगायची कोणाची छाती नव्हती.

"या हिशेबनीस!" ते ओरडले. "शहरात वर्षभर लोकांचे आकडे खाल्लेत, आता ओकायला आलात!"

सगळे हसले. ओमुर्झाकही हसला, पण तंबूच्या खांबाला धरून.

संध्याकाळी मी त्याला बाजूला घेतले. आम्ही घोड्या बांधायच्या दोरीपाशी बसलो. त्याचा कुत्रा अक्तोश येऊन त्याच्या पायांवर पडला.

"घ्यायला आलायस," तो म्हणाला.

"हो."

"आधी मला ते राखणदारांचं पुन्हा सांग. दवाखान्यात मी गुंगीत होतो."

मी जमेल तसे सांगितले. त्याने ते माझ्यापेक्षा लवकर आपल्या भाषेत आणले.

"म्हणजे मेंढ्यांना चावणारा कुत्रा."

"हो. तसंच."

"असा होता एक आपल्याकडे. अक्तोशचा बाप. एकदा रक्ताची चव लागली, मग ऐकेना. गोळी घालावी लागली. हिच्या गोळ्या तेच करतात?"

"मारत नाहीत. झोपवतात. सगळे मारले तर लांडगा येईल."

"बरोबर. आणि लांडगा आलाच तर?"

"मग काही कुत्रे लढतात. आणि काही लांडग्याच्या जखमा चाटतात, त्याला खायला आणून देतात."

ओमुर्झाकने अक्तोशकडे पाहिले. मग माझ्याकडे. "दाजी, कुत्रा असं करत नाही."

"डॉक्टर म्हणाली."

"डॉक्टरनं कुत्रा पाळलाय का?"

"मला नाही माहीत."

"चावरा कुत्रा मी पाहिलाय. पळपुटा पाहिलाय. लांडग्याला दूध पाजणारा कधी नाही पाहिला. तुला नीट समजलं नाही." थोड्या वेळाने त्याने वेगळ्याच आवाजात विचारले, "लांडगा आत शिरलाय का, एवढं तरी सांगितलं का तिनं?"

"ते आतडं काढल्यावरच कळेल म्हणाली."

"हे बरंय. कळप कापल्यावर कळणार, लांडगा होता की नव्हता." तो उठायला गेला आणि पुन्हा बसला. "हा हंगाम होऊ दे. लोकांना कळलं तर पुढच्या वर्षी इथं दोरी बांधायला कारणच उरणार नाही. मग जगून तरी कोणाची शिंगरं धरू?"

मी तारीख पुन्हा सांगितली. तो हो म्हणाला, त्याचे तेच हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिंगरू धरून उभा होता आणि गुलसायरा दूध काढत होती. पाहुणे वाडगे घेऊन रांगेत. शिंगराने हिसका दिला एवढेच निमित्त झाले. ओमुर्झाक खाली बसला, मग आडवा झाला, आणि त्याच्या विजारीवर लाल डाग पसरत गेला. लपवायला काही उरले नाही. मी आणि गुलसायराने त्याला उचलून तंबूत नेले. तो शुद्धीवर होता. तो एवढेच म्हणाला, "बघितलं का सगळ्यांनी?"

सगळ्यांनी पाहिले होते. आता सामान बांधायला लागतील या तयारीने मी बाहेर आलो. तर शारशेन आजोबा वाडगा उंच धरून भाषण देत होते.

"बघा! मालकालासुद्धा सोडत नाही! दुकानदार स्वतःचा माल खात नाही म्हणतात, हा बघा, तळापर्यंत साफ झाला! याला म्हणतात दूध!"

माना डोलल्या. तलासहून आलेल्या एक बाई काळजीने गुलसायराला विचारू लागल्या, "ताई, माझं अजून नुसतं पिवळंच जातंय. लाल आलेलं नाही. लाल येईपर्यंत राहू का? तीन दिवस वाढवून मिळतील?"

मागे आणखी दोघेतिघे तेच विचारायला थांबले होते. मला हसावे की ओरडावे ते कळेना. ज्या गोष्टीला ओमुर्झाक घाबरत होता ती घडलीच नव्हती. उलट त्याच्या दुधाचा भाव वाढला होता. आता तो कशाला शहरात येईल, असे माझ्या मनात आले.

तंबू कापडाचा असतो, आत सगळे ऐकू येते. पडदा बाजूला झाला आणि तो बाहेर आला, घोंगडी गुंडाळून, एका हाताने दाराची चौकट धरून.

"ताई," तो त्या बाईंना म्हणाला, "लाल यायची वाट बघू नका."

"का हो? लागू पडणार नाही का मला?"

"ते लागू पडणं नाही. ते रक्त आहे. मी बारा वर्षं त्याला सफाई म्हणत आलोय. तुमच्याशी हसत हसत म्हणत आलोय. माझं आतडं जळलंय आतून, आणि डॉक्टर ते कापून काढणार आहे. तीन दिवस पोट बिघडतं ते दुधानं, ते मी नाकारत नाही. पण ज्याचं लाल जातं त्यानं माझ्याकडे यायचं नाही. त्यानं डॉक्टरकडे जायचं."

मग शारशेन आजोबा मोठ्याने हसले. "ताप चढलाय याला! झोपवा रे त्याला, दूध पाजा!"

ते ऐकून सगळे सुटल्यासारखे हसले. तलासच्या बाई मात्र रुसल्या; एवढ्या लांब येऊन असे ऐकायला लागावे म्हणाल्या आणि दुपारच्या गाडीने निघून गेल्या. बाकीच्यांनी वाडगे पुढे केले. घोड्या पिळायच्या होत्याच, गुलसायरा डोळे पुसून परत दोरीकडे गेली. ओमुर्झाक माझ्याकडे बघून म्हणाला, "बाराव्या वर्षी खरं बोललो तर ताप म्हणतात. चल, कुठं न्यायचं तिकडं ने."

मी गाडी ठरवत होतो तेव्हा शारशेन आजोबा गाडीच्या मागच्या बाजूला आले. आवाज अगदी खाली.

"हिशेबनीस, तो दवाखाना... कुठल्या रस्त्यावर म्हणालात?"

"मी म्हणालो नव्हतो."

"तेच. कुठल्या?"

"कोणासाठी हवाय?"

"नातीसाठी. तिला जरा पोटाचं आहे."

"वय किती नातीचं?"

"सहा." त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "नाही, लिहूनच द्या. पत्ता माझ्या लक्षात राहत नाही."

मी लिहून दिला. डॉक्टरचे नावही लिहिले. त्यांनी कागद टोपीच्या आत घातला आणि चालताना मोठ्याने म्हणाले, "आज तांबडीचं दूध होतं, ओळखलं मी!" त्या दिवशी दूध करड्या घोडीचे होते.

शस्त्रक्रिया ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधीच झाली. पंधरवड्याने डॉक्टर बेगायमने आम्हाला बोलावले. काढलेल्या आतड्यात एक छोटी गाठ निघाली होती, खरोखरीच्या कर्करोगाची. जिथून तुकडा घेतला नव्हता अशा जागी. ती भिंतीबाहेर गेली नव्हती. ऑगस्टपर्यंत थांबला असता तर काय झाले असते हे मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

"एक चांगलं लक्षण आहे," ती म्हणाली. "गाठीभोवती मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी होती. त्या लढत होत्या."

मी ताठ बसलो. "डॉक्टर, या त्याच का? ज्यांनी आतडं जाळलं?"

"त्यातल्या काही असतील. काही नंतर आलेल्या."

"म्हणजे ज्यांनी गाठ होऊ दिली त्याच गाठीशी लढत होत्या?"

"काका, नाव एक असलं तरी कुठे आहेत, शेजारी कोण आहे, त्यावर त्यांचं वागणं बदलतं."

"मग त्यांना चांगलं म्हणायचं की वाईट?"

तिने पहिल्यांदाच थोडे हसून पाहिले. "मी तेच शिकतेय अजून."

ओमुर्झाक पोटावर बसवलेली शौचाची पिशवी सावरत बसला होता. तो म्हणाला, "दाजी, कुत्र्यांचं काय ठरलं?"

"काही ठरलं नाही."

"मग राहू दे. कुंपणच नाही आता, कुत्रे कशाची राखण करतील?"

"बाकी शरीराची," डॉक्टर म्हणाली. "तपासणीला दर सहा महिन्यांनी यायचं."

"येतो," तो म्हणाला. हे हो वेगळे होते. मी त्याच्याकडे वळून पाहिले.

या गोष्टीला आता तीन वर्षे होऊन गेली. ओमुर्झाक तपासणी चुकवत नाही. घोड्या आहेत, तंबू मात्र निम्म्यावर आले आहेत. नवा पाहुणा उतरला की तो आधी त्याला ओढ्याकडे फिरायला नेतो आणि कानात एकच प्रश्न विचारतो. काही जण चिडतात, काही गाडीत पुन्हा बसतात. निरोपाच्या बोकडाचा आपला वाटा तो आता स्वतः खातो, हळूहळू, बारीक चावून, आणि जुने पाहुणे म्हणतात की ओमुर्झाक पूर्वीसारखा दिलदार राहिला नाही. मला विचाराल तर त्या पेशींचे मला अजूनही नीट समजलेले नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो आहे. गिरणीची सगळी खाती जुळवून देईन, हे एक नाही जुळणार.

शारशेन आजोबा त्या उन्हाळ्यानंतर आले नाहीत. त्या दिवशी आमच्या मागोमाग तेही सामान घेऊन गेले, असे गुलसायरा म्हणते. ते दवाखान्यात गेले का, हे डॉक्टर सांगत नाही. तिला ते सांगता येत नाही. त्यांचा फोन लागत नाही. त्यांच्याकडून चार दिवसांच्या दुधाचे सहाशे चाळीस सोम येणे आहे.